श्वासानं गुरुजींना नेलं नाही

मोहाडीच्या माझ्या माणसांनो, बाहेरगावाहून आलेल्या पाहुण्यांनो, शाळेतल्या गुरुजनांनो, आणि सीताकाकू,

तुम्ही सगळे आलात. पटांगण भरलं आहे. आपले वामन गुरुजी या शाळेत एवढी वर्षं विज्ञान शिकवत होते, पण एवढी माणसं एका जागी गप्प बसलेली त्यांनी कधी पाहिली नसतील.

मला बोलता येत नाही. माझ्या आधी मुख्याध्यापक बोलले, सरपंच बोलले. चांगलं बोलले. त्यांच्यामागून उभं राहणं मला जड जातं आहे. मी मधुकर. कोष्टी मोहल्ल्यात आमचा माग आहे, कोशाचं रेशमी कापड विणतो. शाळा नववीतच सुटली. मी लिहून आणलं आहे, कारण लिहिलेलं हातात नसलं की मध्येच माझा आवाज जातो.  

एकच गोष्ट सांगायला उभा आहे.

गुरुजी गेल्यापासून गावात बोललं जातं आहे की त्यांना त्यांच्या श्वासानं नेलं. पानठेल्यावर बोललं जातं. विहिरीवर बोललं जातं. आठवडी बाजारात वांगी निवडता निवडता बोललं जातं. ‘मास्तर श्वास कोंडून बसे, एक दिवस कोंडला तं कोंडलाच.’ कुणी तर हसून म्हणालं, ‘मास्तरचा फुगा फुटला.’ मी तिथेच उभा होतो.  तिथून घरी आलो आणि हे लिहायला बसलो.

गुरुजींना दवाखान्यात नेणाऱ्या जीपमध्ये मी त्या दिवशी होतो. गुरुजींच्या शेजारी होतो. म्हणून आज बोलणार आहे. कुणाला राग आला तर आधीच हात जोडतो. पण बोलणार आहे.

मी गुरुजींकडे कसा गेलो, ते आधी सांगावं लागेल. नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमच्या धंद्यात एक सवय आहे. इथे बसलेल्या विणकरांना ती माहीत आहे, इतरांना नसेल. कोशाचा धागा फार बारीक. तो तुटला की दोन्ही टोकं चिमटीत धरून जोडायची. त्या वेळी नाकातून जोरात हवा गेली तर सुटं टोक उडतं आणि शेजारच्या धाग्यांत हरवतं. म्हणून लहानपणीच शिकवतात, धागा जोडताना श्वास धर. मला बाबांनी असंच शिकवलं. त्यांना त्यांच्या बाबांनी शिकवलं. धागे दिवसभर तुटतात. आम्ही दिवसभर श्वास धरतो. मला तर प्रत्येक गोष्ट नीटच लागते. मी धागा तुटला नसतानाही धरायचो. काठ आला की धरायचो. व्यापारी दारात दिसला की धरायचो. धरून धरून सोडला की मग मोठमोठ्यानं आत ओढायचो. यातलं मला काहीही ठाऊक नव्हतं. आपला श्वास आपल्याला कुठे दिसतो?

मग मला झटके येऊ लागले. बाजारात यायचे, एसटीच्या थांब्यावर यायचे. छाती आवळायची. ओठ बधिर व्हायचे. बोटांत मुंग्या येऊन बोटं आखडायची. वाटायचं, हवा संपली, आता आपण मेलो. आई माझे हात चोळायची आणि रडायची. ‘काहून रे असा करतं, माह्या राजा?’ शेजारचे म्हणायचे, ‘मधूले बाहेरचं लागलं.’ लिंबू उतरवून झालं. ताईत बांधून झाला.

गुरुजी घरी आले. ताईत काढ असं म्हणाले नाहीत. मागाशेजारी पाट घेऊन बसले आणि बघत राहिले. मी विणत होतो. 

मग म्हणाले, “मधू, तू श्वास कवा घेतं?”

मी म्हणालो, “घेतोच ना जी. नाही तं जिता कसा?”

“तेच पाहून राहिलो. धागा जोडतं तवा मरतं, न् जोडून झाला का वाघ पाठीमागं लागल्यासारखा धापा टाकतं.”

आई म्हणाली, “पन गुरुजी, याले हवा कमी पडते ना.”

“कमी नाही पडत, बाई. हा जास्त घेऊन राहिला.”

हे आम्हाला खरं वाटलं नाही. मरायला टेकलेल्या माणसाला हवा जास्त कशी होईल? पण त्यांनी तिथेच समजावून सांगितलं. कार्बन डायऑक्साइड म्हणजे वाईट वायू, तो बाहेर टाकायचा, एवढंच मी शाळेत शिकलो होतो. गुरुजी म्हणाले, सगळाच टाकून चालत नाही. रक्तात तो थोडा राहावा लागतो. माणूस भिऊन भराभर श्वास घेतो तेव्हा तो फाजील बाहेर जातो. मग मेंदूकडे रक्त नेणाऱ्या नळ्या आकसतात. डोकं गरगरतं, बोटांत मुंग्या येतात. माणसाला वाटतं हवा कमी पडली, म्हणून तो आणखी ओढतो. आणखी ओढलं की आणखी मुंग्या.

मी म्हणालो, “म्हंजे जी, मीच माहा गळा धरून राहिलो?”

“हो. आता सोड.”

मग त्यांनी माझी बोटं माझ्याच मनगटावर ठेवली. म्हणाले, नाडी बघ. श्वास आत घेतला की ठोके जवळजवळ आले. हळू सोडला की ठोके दूरदूर गेले. मला वाटलं माझं हृदय बिघडलं आहे. ते म्हणाले, नाही, सगळ्यांचं असंच चालतं, तरुणांत जास्त कळतं. मेंदूतून एक मज्जातंतू निघतो, गळ्यातून छातीत उतरतो, पोटापर्यंत जातो. श्वास सोडताना तो हृदयाला म्हणतो, हळू. श्वास लांब सोडला की त्याला त्याचं काम करायला वेळ मिळतो. एवढंच आहे. मंत्र नाही, तंत्र नाही.

त्यांचं एक वाक्य मी विसरणार नाही. “हृदयाले हुकूम देता येत नाही, मधू. पोटाले देता येत नाही. घामाले देता येत नाही. श्वास एकलाच असा आहे का तो आपोआप बी चालते, न् सांगितलं तं ऐकते बी. म्हनून त्याच्याच मार्फत सांगाचं.”

मी विचारलं, “ही जादू आहे काय जी?”

“जादू असती तं फी घेतली असती.”

लगेच बरं वाटलं नाही. खोटं कशाला सांगू? पण हळूहळू झटके कमी झाले. आले तरी मला कळायला लागलं की हे मरण नाही, भीती आहे. हे कळणं किती मोठं असतं, ते ज्याला असा झटका आला आहे त्यालाच कळेल.

मग गुरुजींच्या ओसरीत सकाळी आम्ही काही जण जमू लागलो. बहुतेक विणकरच. पहिल्याच दिवशी एक वयस्क काका म्हणाले, “गुरुजी, श्वास तं आमी फुकटातच घेतो. तुमी नवीन का शिकवान?”

गुरुजी म्हणाले, “घेता बाप्पा. सोडत नाही.”

मग म्हणाले, आज काही करायचं नाही. डोळे मिटा आणि फक्त आपल्या श्वासाकडे लक्ष द्या. आणि काय झालं माहीत आहे? आम्ही सगळ्यांनी श्वास धरला! लक्ष द्या म्हटल्याबरोबर धरला. आमच्या हातून दुसरं काही होणंच शक्य नव्हतं. लक्ष दिलं की श्वास धरायचा, हे आमच्या अंगात मुरलेलं. ओसरीत सगळं चिडीचूप. गुरुजींनी थोडा वेळ वाट पाहिली आणि ओरडले, “काय गा, सगळेच मेले काय?”

सगळे हसले. हसताना सगळ्यांचा श्वास सुटला. गुरुजी म्हणाले, हेच, हेच पाहिजे होतं.

हसण्यावारी नेऊ नका. मी हे मुद्दाम सांगितलं. त्यातले काही जण एक-दोन दिवस आले, कंटाळून परत गेले, आणि लोकांना सांगत सुटले की गुरुजींकडे श्वास धरून बसतात. कोंडण्याचं बोलणं तिथून निघालं आहे. गुरुजींनी आम्हाला श्वास धरायला कधीच सांगितलं नाही. ऐकता आहात ना? कधीच नाही. धरत होतो आम्ही. ते सोडायला सांगत होते.

आणखी एक. छातीत दुखतं म्हणून कुणी आलं की ते त्याला ओसरीवर बसू द्यायचे नाहीत. तिथूनच दवाखान्यात पाठवायचे. म्हणायचे, “श्वास भीतीवर चालते, बंद पडलेल्या नळीवर नाही चालत.”

मागे कुणीतरी काही बोललं. बोलू द्या. त्यांनाही विचारायचा हक्क आहे. फक्त माझं पुरं होऊ द्या.

आता त्या सकाळचं सांगतो.

थांबतो जरा. माझा श्वास वर आला आहे. तुम्हीही थांबा.

हं. सांगतो.

मी त्या दिवशी इतरांच्या आधी पोचलो. गुरुजी ओसरीत खांबाला टेकून बसले होते. तोंडावर घाम होता. उजव्या हातानं डावा दंड दाबून धरला होता. मला जे येत होतं तेच मी म्हणालो. “गुरुजी, हळू सोडा जी, हळू सोडा.”

त्यांनी मान हलवली. “नाही मधू. हे भीतीचं नाही. हे दवाखान्याचं आहे. बाबूची जीप बोलाव. पळ.”

हे त्यांचे शब्द आहेत. मी एकही बदललेला नाही. ज्या माणसाला लोक म्हणतात श्वासाच्या नादानं गेला, त्या माणसानं त्या वेळी श्वासाचं नावही घेतलं नाही. जीप मागितली.

मी पळालो. बाबूभाऊ पायांत चप्पल न घालता आले. ते इथे बसले आहेत. मागच्या बाकावर गुरुजी मध्ये, एका बाजूला त्यांच्या घरच्या सीताकाकू, एका बाजूला मी. भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं ठरलं. बाबूभाऊंनी जीप अशी हाणली की खड्डा कुठे आणि रस्ता कुठे, आम्हाला कळलं नाही.

आणि वरठीला फाटक पडलेलं.

मालगाडी होती. तुम्ही सगळे त्या फाटकावर थांबला आहात. मालगाडी संपता संपत नाही. बाबूभाऊंनी हॉर्न धरून ठेवला. काकू म्हणाल्या, “काढा ना जी भाऊ, काढा ना गाडी!” बाबूभाऊ म्हणाले, “कोठून काढू वो काकू? पुढं डबे चालून राहिले ना.”

तेव्हा काकूंचा श्वास हाताबाहेर गेला. मी ओळखला. माझाच झटका होता तो. काकू भराभर हवा ओढत होत्या, हात आखडत होते, डोळे फिरत होते. मध्ये गुरुजी असल्यामुळे मी त्यांच्यापर्यंत पोचू शकत नव्हतो, आणि खरं सांगतो, माझेही हात आखडायला लागले होते.

गुरुजींनी काकूंचा हात धरला. म्हणाले, “अवं. इकडं पाह्य. मालगाडीकडं पाहू नोको, माह्याकडं पाह्य.”

काकू म्हणाल्या, “तुमी बोलू नोका जी.”

“नाही बोलत. तू सोड. हळू. अजून. राहिलेला बी सोड. आता ओढू नोको, तो आपला आपन येते.”

“दुखून राहिलं ना तुमाले?”

“दुखून राहिलं. तू सोड.”

गाडी गेली. फाटक उघडलं. जीप निघाली. ते दोघं तसेच बसले होते, एकमेकांकडे तोंड करून. ते सोडत होते, काकू सोडत होत्या. काकूंचे हात मोकळे झाले. माझेही झाले. भंडारा दिसू लागलं, आणि त्याच्या थोडं आधी गुरुजींची मान माझ्या खांद्यावर आली. काकू तेव्हा श्वास सोडत होत्या. त्यांना लगेच कळलं नाही. मला कळलं. बाबूभाऊंना आरशात कळलं. आम्ही दोघंही काही बोललो नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाला रक्त नेणारी नळी बंद झाली होती. माझी सवय आहे, मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतो. मी विचारलं, श्वासामुळे झालं का? ते म्हणाले, नाही. मी परत विचारलं, जीपमध्ये ते लांब श्वास सोडत होते, त्यानं काही वाईट झालं का? ते म्हणाले, नाही हो, माणूस घाबरला की हृदयावर जोर पडतो, शांत राहिला तर उलट कमी पडतो. त्यानं नळी उघडत नाही, पण त्यानं बंदही होत नाही. मी तिसऱ्यांदा विचारणार होतो. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

बाबूभाऊ, तुम्ही खोटं बोललात असं मी म्हणत नाही. तुम्ही गावात येऊन एवढंच म्हणालात, ‘शेवटपर्यंत श्वासच करून राहिले होते.’ ते खरं आहे. तुम्ही पाहिलं तेवढं सांगितलं. पुढचा धागा गावानं जोडला. आज तुम्ही खाली मान घालून बसू नका.

आता जे बोलायचं आहे ते सगळ्यांत कठीण आहे. काकू, बोलू का म्हणून मी सकाळी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही हो म्हणाला नाहीत, पण नाहीही म्हणाला नाहीत.

तेरवीनंतर मी काकूंकडे गेलो. काकू आतल्या खोलीत बसून होत्या. जेवण तसंच झाकून ठेवलेलं. मला म्हणाल्या, “मधू, मानसाले श्वास मोजून भेटतात म्हनते ना रे. त्याहीजवळ थोडेसे उरले होते. ते त्याहीनं माह्यावर खर्च केले. मी असी घाबरली नसती तं दवाखान्यापावतर पुरले असते.”

लोकहो, आपण पानठेल्यावर हसून बोललो ना, ते बोलणं त्या खोलीत जाऊन बसलं आहे. आपण म्हणालो, श्वासानं नेलं. काकूंनी ऐकलं, ‘मी नेलं.’ आपलं बोलणं कुठे जातं ते आपल्याला कळत नाही. मला तरी त्या दिवशीपर्यंत कळलं नव्हतं.

मी त्यांना उत्तर देऊ शकलो नाही.  म्हणून आज सगळ्यांसमोर देतो.

काकू, हेच ओसरीत एकदा गुरुजींना कुणीतरी विचारलं होतं. श्वास मोजके असतील तर असे लांब सोडून संपणार नाहीत का? गुरुजी म्हणाले, “श्वास का कोठीतलं धान आहे, काढलं तेवढं कमी व्हाले? श्वास साठत नाही. येते न् जाते. जे साठलंच नाही, ते खर्च कसं होईन?” काकू, तुम्ही काही खर्च केलं नाही. तुम्ही काही संपवलं नाही. त्यांची नळी बंद झाली. ती सकाळीच बंद होत होती, फाटकाच्या आधी, मालगाडीच्या आधी, तुम्ही घाबरण्याच्या आधी.

आणि मी एक पाहिलं, जे तुम्हाला दिसलं नाही, कारण तुमचे डोळे पाण्यानं भरले होते. ओसरीत मी पोचलो तेव्हा गुरुजी घाबरलेले होते. हो, गुरुजीही घाबरले होते. मी भीतीला चांगला ओळखतो, मी चुकणार नाही. जीपमध्ये बसतानाही घाबरले होते. पण त्यांनी तुमचा हात धरला, तुम्हाला ‘सोड’ म्हणाले, आणि तुमच्यासाठी स्वतःही सोडू लागले, तेव्हापासून त्यांच्या कपाळावरची आठी गेली. दुखत होतं. दुखणं गेलं नाही. भीती गेली. काकू, तुम्ही घाबरला नसता तर ते एकटेच घाबरत घाबरत गेले असते. तुम्ही त्यांचा श्वास घेतला नाही. त्यांना तो सोडायला कुणीतरी समोर हवं होतं, आणि समोर तुम्ही होतात.

माझं लिहिलेलं इथे संपलं. पुढचं लिहिलेलं नाही.

काकू, तुम्ही मागे भिंतीला टेकून, पदर तोंडावर घेऊन बसला आहात. आल्यापासून तिथेच आहात. त्यांच्या फोटोजवळची खुर्ची रिकामी आहे. ती तुमची आहे. बायांनो, थोडं सरका, काकूंना वाट द्या. बाबूभाऊ, तुम्ही त्यांना हात द्या.

आपण सगळे थांबू. काकू पुढे आल्या की उभे राहू आणि गुरुजींसाठी शांत राहू. कुणी घड्याळ पाहू नका. कुणी श्वास धरू नका.

या काकू. सावकाश या. आम्ही थांबलो आहोत.